वॉटरप्रूफ कॅमेरा घेताना आधी झाकण उघडून बघा

वॉटरप्रूफ कॅमेऱ्याबद्दल सल्ला मागितला की लोक मेगापिक्सेल आणि किती मीटर खोल चालतो ते सांगायला लागतात. या आकड्यांनी कॅमेरा वाचत नाही. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा बॅटरीच्या झाकणातून. आणि बजेट कमी असेल तर कॅमेरा बहुधा सेकंडहँडच मिळणार, म्हणजे ते झाकण आधी कुणीतरी असंख्य वेळा उघडून मिटलेलं असणार. खरी निवड तिथे होते. बाकीचं पटकन उरकू.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. पावसाळी ट्रेक, धबधब्याचे तुषार, नदीतलं डुंबणं यांना कुठलाही वॉटरप्रूफ कॅमेरा चालतो. मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना आपण वरच्या दोन-तीन मीटरांतच असतो, तिथे १० मीटरचा कॅमेरा भरपूर झाला. स्कूबाच्या ट्राय-डाइव्हला (पहिल्यांदाच मारलेल्या चाचणी-बुडीला) बहुधा डाइव्हवाल्यांचाच माणूस व्हिडिओ काढून देतो, तेवढ्यासाठी कॅमेरा विकत घेऊ नका. फक्त पावसापासूनच वाचवायचं असेल तर फोन झिपच्या पाऊचमध्ये घाला आणि पैसे वाचवा. मात्र फोनवर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून तो समुद्रात नेऊ नका. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, गोड्या पाण्यात होते.

मग ॲक्शन कॅमेरा की कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा साधा फोटो कॅमेरा)? व्हिडिओ हवा असेल, हेल्मेटला किंवा छातीवर लावायचा असेल तर ॲक्शन. फोटो हवे असतील तर कॉम्पॅक्ट. खडकावरचा खेकडा, पानावरचा बेडूक असं जवळचं टिपायचं असेल तर ॲक्शन कॅमेऱ्याच्या नादी लागू नका, अगदी जवळचं त्याला धड फोकस होत नाही. गोप्रो कंपनीच्या नेहमीच्या ॲक्शन मॉडेलांना बाहेरच्या कवचाशिवाय (केसशिवाय) १० मीटर चालतात, पण २०२४ चा छोटा ‘हीरो’ ५ मीटरचाच आहे आणि त्याची बॅटरी बदलता येत नाही. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या अनोळखी ‘४के, ३० मीटर वॉटरप्रूफ’ कॅमेऱ्यांत वॉटरप्रूफ असते ती प्लॅस्टिकची केस. आतला कॅमेरा पावसाच्या सरीलाही टिकायचा नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांचं ४के सुद्धा छोटं चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, म्हणून मीटरचा आकडा आणि वेळ दोन्ही बघा. ही चाचणी स्थिर पाण्यातली असते. नळाची जोरदार धार, धबधब्याचा मारा किंवा बोटीवरून मारलेली उडी त्यात धरलेली नसते. आणि ‘शॉकप्रूफ’ची गंमत अशी, की पडल्यावर कॅमेरा चालू राहील एवढंच त्यात असतं. जोराचा आपटा बसला तर वॉटरप्रूफपणा टिकेलच असं नाही, हे कंपन्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत लिहून मोकळ्या होतात. म्हणून कोपरा चेपलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी पाण्यासाठी घेऊ नका.

मॉडेलांचं थोडक्यात. ऑलिंपसची टफ टीजी मालिका (टीजी-५ २०१७ ची, टीजी-६ २०१९ ची, आणि ओएम सिस्टम नावाने २०२३ ला आलेला टीजी-७) १२ मेगापिक्सेलचीच आहे, आणि तरी हीच घ्या. लेन्स एफ/२ ची आहे (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). रिकोच्या डब्ल्यूजी-७० किंवा डब्ल्यूजी-८० ची एफ/३.५ ची, म्हणजे त्यांच्यात साधारण एक तृतीयांश उजेड येतो. पाण्याखाली आणि पावसाळी जंगलात उजेडाचीच तर बोंब असते. टीजीत रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) मिळते, त्यामुळे पाण्याने खाल्लेला लाल रंग घरी थोडाफार परत आणता येतो. टीजी-५ पासून टीजी-७ पर्यंत बॅटरी एकच, एलआय-९२बी. टीजी परवडत नसेल तर निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० (३० मीटर, एफ/२.८) बघा. बंद झालाय, पण त्याची ईएन-ईएल१२ बॅटरी अजून सहज मिळते. नव्यात सगळ्यांत स्वस्त म्हणून कोडॅकचा पिक्सप्रो डब्ल्यूपीझेड२ पुढे केला जातो. दिवसाउजेडी पोहण्याच्या तलावावर ठीक आहे, त्यापुढे अपेक्षा ठेवू नका.

आता झाकण. सेकंडहँड कॅमेरा संध्याकाळी, हॉटेलात चहा पिता पिता घेऊ नका. दिवसा बघा, सोबत टॉर्च आणि शक्य असेल तर भिंग ठेवा.

बॅटरीचं झाकण पूर्ण उघडून त्यातली रबरी पट्टी चारी बाजूंनी बघा. ती मऊ, सलग आणि एकसारख्या उंचीची हवी. एखाद्या ठिकाणी दबून सपाट झालेली, तकाकी गेलेली, कोपऱ्यात बारीक चीर पडलेली असेल तर बोलणं तिथेच थांबवा. पट्टीइतकाच महत्त्वाचा तिच्या समोरचा काठ, जिथे ती टेकते. लोक हा काठ बघतच नाहीत. तिथे नखाने खरवडल्यासारखा ओरखडा असेल तर नवी पट्टी बसवूनही पाणी येईल. पट्टीवर एखादा केस, पुळणीतला वाळूचा कण किंवा कापडाचा धागा राहिला तरी तेवढ्या फटीतून कॅमेरा बुडतो. ‘पट्टी बदलून घेऊ’ असं विकणारा म्हणाला तर ती दुकानातून आणून घरी बसवायची वस्तू नाही, हे लक्षात ठेवा. ते काम सर्व्हिस सेंटरचं. ऑलिंपस आणि रिको दोघंही ती वर्षाला बदलायला सांगतात. जवळपास सर्व्हिसची सोय आहे का ते आधी विचारा आणि खर्च किमतीतून वजा करा.

बॅटरी काढून आतल्या पितळी टोकांवर टॉर्च मारा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर खारं पाणी आत येऊन गेलंय. कॅमेरा आज चालू होतो याला अर्थ नाही. मिठाने सर्किट खायला सुरुवात केलेली असते. बिजागरीची पिन आणि बाहेरचे स्क्रू गंजलेले असतील तर समुद्रानंतर कॅमेरा कधी धुतलेला नाही एवढं कळतं, तेही पुरेसं आहे. लॅच (झाकणाचा खटका) दोन टप्प्यांत बंद व्हायला हवी, दुसरा टप्पा ढिला लागता कामा नये. मग एक व्हिडिओ घेऊन आवाज ऐका. घोगरा, कोंदट आवाज आला तर माइकच्या पातळ पडद्यात काहीतरी अडकलंय. त्या भोकांत टाचणी घालून साफ करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, पडदा फाटला की तिथूनच पाणी.

विकणारा तयार असेल तर बादलीची परीक्षा करा. बॅटरी आणि कार्ड काढा, रिकाम्या खणात कोरड्या टिश्यूची घडी ठेवा, झाकण लॉक करा आणि कॅमेरा अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची सलग ओळ आली तर लगेच बाहेर काढा. नंतर बाहेरून पूर्ण पुसून, झाकण खाली धरून उघडा. टिश्यूचा एखादा कोपरा जरी ओला असला तरी कॅमेरा परत करा. ही परीक्षा पास झाली म्हणजे कॅमेऱ्यावर लिहिलेल्या खोलीची हमी मिळाली असं नाही, पण फाटकी पट्टी आणि अडकलेला केस इथे पकडला जातो. विकणारा या परीक्षेला तयार नसेल तर भाव त्या हिशोबाने करा. बटणांच्या बाजूने पाणी गेलंय का ते असं बघा: कॅमेरा काही मिनिटं उन्हात कोमट करा, मग लेन्सच्या काचेवर गार ओला कपडा धरा. आतून धुकं आलं आणि मिनिटाभरात विरलं तर हवेतला दमटपणा. थेंब साचून राहिले तर आत पाणी आहे.

घेतल्यावर बॅटरी आणि कार्ड घरी, कोरड्या हातांनी आणि पंख्याखाली बदला, किनाऱ्यावर कधीच नाही. एसीच्या खोलीत झाकण बंद करून निघालात तर आतली हवा कोरडी राहते आणि लेन्स आतून धुरकट होत नाही. झाकणाच्या पट्टीला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ते डायव्हिंगच्या केसच्या ओ-रिंगसाठी (गोल रबरी कड्यासाठी) असतं. इथे त्याला फक्त वाळू चिकटते. समुद्रातून आल्यावर कॅमेरा बंदच ठेवून दहा मिनिटं गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, नळाखाली धरू नका, मग सावलीत पूर्ण वाळेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आणि एक तरंगणारा पट्टा घ्या. हे सगळे कॉम्पॅक्ट कॅमेरे पाण्यात टिकतात, पण हातातून सुटले की सरळ तळाला जातात. कोकणच्या गढूळ पाण्यात ते शोधायला कुणी येत नाही.