जुन्या गाडीतील वस्तू गायब असतील तर विक्रेत्याशी वाद कसा सोडवावा

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एखाद्या यार्डातून जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात आणि किलोमीटरचा आकडा खरा की फिरवलेला यावर ओळखीच्या मेकॅनिकशी चर्चाही होते. डिक्कीतला गालिचा उचलून खाली स्टेपनी आहे का, हे मात्र बहुधा घरी आल्यावरच पाहिले जाते. त्यातून गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला ताब्यात घ्यायची असली, की हार, नारळ, पेढे आणि फोटो यांच्या गडबडीत डिक्की उघडून जॅक मागणे अवघड वाटते. पुढे कधीतरी पुण्याकडे जाताना तासवडे टोलनाक्याच्या पुढे चाक पंक्चर होते, आणि स्टेपनीच्या जागी रिकामा खड्डा दिसतो. दुसरी चावी, म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, सर्व्हिस बुक, कधी कधी तर मूळ आरसीसुद्धा अशीच मागाहून "नाही" निघते. अशा वेळी रागाने यार्डात जाण्यापूर्वी पुढील क्रमाने काम केल्यास वस्तू किंवा तिची किंमत मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

पायरी १ : वस्तू गाडीत होती की सौद्यात होती, हे ठरवावे

वस्तू गाडीत होती हे सांगणे आणि ती सौद्यात धरलेली होती हे दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वादाचा निकाल दुसऱ्या गोष्टीवर लागतो. गाडी पाहायला गेलो तेव्हा आत भारी म्युझिक सिस्टिम होती, एवढ्याने ती आपल्याला मिळणारच होती असे होत नाही. तिचा फोटो जाहिरातीत होता, "सिस्टिमसकट साडेचार" असा संदेश विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, किंवा डिलिव्हरी नोटवर तिची नोंद होती, तर ती सौद्याचा भाग ठरते. म्हणून सर्वप्रथम जाहिरातीचे स्क्रीनशॉट, संदेश, इसाराची पावती, विक्रीचा करार आणि गाडी पाहताना काढलेले स्वतःचे फोटो एकत्र करावेत. जाहिरात अजून ऑनलाइन असेल तर ती त्याच दिवशी जतन करावी, कारण तक्रार कानावर गेली की जाहिरात उतरवली जाते.

स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, चाव्या आणि कागदपत्रे यांची स्थिती थोडी निराळी आहे. गाडीबरोबर त्या असतात हे गृहीत धरणे वाजवी असल्याने, त्या देणार नव्हतो असे म्हणणाऱ्या विक्रेत्याने तसे आधी सांगितले होते का, हा प्रश्न विचारता येतो. मात्र इथेही एक खातरजमा आवश्यक आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला स्टेपनी देणे बंधनकारक राहिलेले नाही. तेव्हा आपले मॉडेल कंपनीतूनच स्टेपनीविना आले होते का, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. काही गाड्यांची स्टेपनी मूळ चाकांपेक्षा अरुंद असते; ती "बदलून दिली" असा आरोप करण्याआधी मॅन्युअलवर नजर टाकलेली बरी.

पायरी २ : त्याच दिवशी पुरावा करावा आणि लेखी कळवावे

मोबाइलवर एक सलग चित्रफीत काढावी. तिची सुरुवात नंबर प्लेटपासून करावी, मग किलोमीटरचा आकडा दाखवावा आणि कॅमेरा न थांबवता डिक्की, स्टेपनीची रिकामी जागा, टूल किटचा कप्पा किंवा डॅशबोर्डवरच्या लोंबत्या वायरी दाखवाव्यात. तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या फोटोंपेक्षा हे अधिक विश्वासार्ह ठरते. ज्या फोनमध्ये ही चित्रफीत आणि मूळ संदेश आहेत तो फोन प्रकरण मिटेपर्यंत विकू किंवा रिसेट करू नये.

नंतर विक्रेत्याला लगेच संदेश पाठवावा. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार खरेदीदाराने वाजवी मुदतीत हरकत न घेता वस्तू तशीच ठेवून घेतली, तर ती त्याने स्वीकारली असे मानले जाते. चार महिन्यांनी जॅक नाही म्हणणाऱ्याला "तो तुम्हीच कुठे तरी हरवला असेल" हे उत्तर मिळते, आणि ते खोडून काढणे कठीण असते. संदेशात चिडचिड नको. "आज दुपारी ताब्यात घेतलेल्या गाडीत स्टेपनी, जॅक व दुसरी चावी आढळली नाही, जाहिरातीत दोन चाव्या लिहिल्या आहेत, कृपया कधी देता ते कळवावे," एवढे पुरते. फोनवर बोलणे झाले तर लगेच त्यानंतर "आत्ता आपण शनिवारपर्यंत चावी देतो म्हणालात, त्याप्रमाणे वाट पाहतो," असा संदेश टाकावा, म्हणजे तोंडी शब्द कागदावर येतो.

पायरी ३ : समोरचा पक्ष नेमका कोण, हे पाहावे

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात यार्डवाला कधी स्वतः विक्रेता असतो, तर कधी मूळ मालक आणि खरेदीदार यांच्यामधला कमिशन घेणारा एजंट. पैसे कोणाच्या खात्यावर गेले आणि पावतीवर कोणाचा शिक्का आहे, यावरून हे समजते. एखाद्या खासगी मालकाने आपली गाडी परस्पर विकली असेल तर त्याच्याविरुद्ध ग्राहक कायदा सहसा उपयोगी पडत नाही. कमिशन घेऊन सौदा जुळवणारा एजंट मात्र सेवा देणारा म्हणून जबाबदार धरता येतो.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला परिवहन खात्याच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचनाही नोंदवायची असते. अशी सूचना नोंदवलेली असेल तर गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. "स्टेपनी आधीच्या मालकानेच काढून घेतली" हे वाक्य अशा वेळी फारसे टिकत नाही. यार्डाचे अधिकारपत्र पाहायला मागावे. नसल्यास ती बाब आरटीओकडे लेखी कळवता येते. गाडी एमएच १० म्हणजे सांगलीची, एमएच ११ म्हणजे साताऱ्याची की एमएच ५० म्हणजे कराडची, यावरून नोंदणीचे कार्यालय कळते.

पायरी ४ : रक्कम ठरवून मगच बोलावे

बोलणी करायला जाताना मागणीचा आकडा हातात असावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवरून गायब वस्तूंचे लेखी कोटेशन घ्यावे. रिमोट चावीच्या कोटेशनमध्ये चावी गाडीशी जोडून देण्याचा खर्चही लिहून घ्यावा. जुन्या गाडीच्या जुन्या स्टेपनीबद्दल नव्या टायरची पूर्ण किंमत मागणे माझ्या मते योग्य नाही, आणि अशी ताणलेली मागणी पुढे ग्राहक आयोगासमोरही आपली बाजू हलकी करते.

यार्डात गेल्यावर ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे, की "गाडी जशी आहे तशी घेतली होती." असे कलम करारात असले तरी त्याचा रोख गाडीच्या स्थितीवर असतो, जाहिरातीत दाखवलेली आणि सौद्यात धरलेली वस्तू न देण्याचा परवाना त्याने मिळत नाही, हे शांतपणे सांगावे. दुसरे उत्तर पावतीबद्दलचे असते : "पक्के बिल हवे असेल तर वर जीएसटी भरावा लागेल." नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर साधारणपणे १८ टक्के कर लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, गाडीच्या संपूर्ण किमतीवर नव्हे. शिवाय विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा एक समज आपल्याकडे उगीचच रुजलेला आहे.

पुष्कळदा विक्रेता कोपऱ्यातली एखादी स्टेपनी उचलून देतो. ती घेण्यापूर्वी टायरच्या कडेवर लिहिलेला आकार मॅन्युअलशी जुळवावा, रिमची छिद्रे आपल्या गाडीच्या बोल्टवर बसतात का ते प्रत्यक्ष लावून पाहावे, आणि टायरवरचा चार आकडी उत्पादन क्रमांक वाचावा. ३२१९ असा आकडा असेल तर टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला आहे. अलॉय व्हील असेल आणि त्याला लॉक नट बसवलेला असेल तर तो उघडण्याचा खास सॉकेटही मागून घ्यावा, नाहीतर स्टेपनी असूनही चाक निघणार नाही.

तडजोड झाली तर दोन ओळींचा कागद करावा, त्यावर गाडीचा क्रमांक, दिलेली वस्तू किंवा रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. तासगाव, विटा, इस्लामपूर यांसारख्या गावांत यार्डवाला बहुधा कोणाच्या तरी ओळखीचा असतो आणि मध्यस्थी करायला माणूस सहज मिळतो. त्याचा उपयोग जरूर करावा, पण मध्यस्थाच्या शब्दावर कागद टाळू नये.

या काळात दोन गोष्टी टाळाव्यात. गाडी कर्जावर असेल तर विक्रेत्यावरच्या रागाने बँकेचा हप्ता थांबवू नये. विक्रेत्याला त्याचा काही त्रास होत नाही, आपली पत मात्र बिघडते. तसेच यार्डातून एखादी वस्तू "भरपाई म्हणून" परस्पर उचलून आणू नये.

पायरी ५ : कागदपत्रेच नसतील तर

मूळ आरसी, विम्याची प्रत, मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २९ व ३० आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५, यांपैकी काही नसेल तर ती तक्रार स्टेपनीच्या तक्रारीत मिसळू नये, स्वतंत्र आणि तातडीने करावी. या कागदांशिवाय गाडी नावावर होत नाही आणि तिच्यावरचा कर्जाचा बोजा उतरत नाही. खरेदीदाराने मालकी बदलाची सूचना ३० दिवसांत द्यायची असते. आरसी हरवली असेल तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मिळते. ती काढून देण्याचा खर्च आणि धावपळ विक्रेत्याची, असे लिहून घ्यावे. गाडीची काही रक्कम अजून द्यायची राहिली असेल तर ती कागद हाती आल्यावर देऊ, असे करारातच ठरवणे सर्वांत चांगले.

पायरी ६ : नोटीस पाठवावी

आठवडाभरात दाद लागली नाही तर स्वतःच्या सहीने नोटीस पाठवावी. त्यासाठी वकील लागतोच असे नाही. मजकूर साधारण असा असावा :

"मी आपल्याकडून अमुक क्रमांकाची गाडी अमुक तारखेला रु. ४,५०,००० देऊन विकत घेतली. आपल्या जाहिरातीत व दिनांक अमुकच्या संदेशात स्टेपनी, जॅक, पाना व दोन चाव्या गाडीसोबत असल्याचे नमूद आहे. प्रत्यक्षात या वस्तू मिळाल्या नाहीत, हे मी त्याच दिवशी आपणास कळवले. सदर वस्तू किंवा सोबतच्या कोटेशनप्रमाणे त्यांची किंमत ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी. अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल व त्याचा खर्च आपणावर राहील."

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवावा आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाकावा. पुष्कळशा तक्रारी इथेच मिटतात, कारण दहा-पंधरा हजारांच्या वस्तूसाठी आयोगाच्या तारखा करणे यार्डवाल्यालाही परवडत नाही.

त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण ती विक्रेत्याशी संपर्क साधते. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग स्थानिक यार्डापेक्षा अधिक होतो. पोलिसांकडे अशी तक्रार नेल्यास ती दिवाणी बाब असल्याचे सांगितले जाण्याची शक्यता मोठी असते. बनावट कागदपत्रे किंवा चोरीची गाडी असा संशय असेल तर मात्र पोलीस ठाणे हीच पहिली जागा होय.

पायरी ७ : जिल्हा ग्राहक आयोग

गाडी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून घेतली असली तरी सांगलीत राहणाऱ्या ग्राहकाला सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सोय फार मोलाची आहे. शुल्क मागणीवर नव्हे, तर गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरते : ५ लाखांपर्यंत काहीही नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रार वाद उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते आणि ती ई-जागृती संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. गाडी पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या धंद्यासाठी घेतलेली नसावी. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी चालते.

तक्रार अर्जाला प्रतिज्ञापत्र, पावती, जाहिरात, संदेश, कोटेशन, नोटीस आणि ती पोहोचल्याचा पुरावा तारखांच्या क्रमाने जोडावा. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आयोग सुरुवातीला मध्यस्थीचा मार्ग सुचवू शकतो. मागणी लहान असेल तर तो स्वीकारणे शहाणपणाचे. वकिलाचा खर्च झेपत नसलेल्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी. महिलांना तेथील मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

आदेश आपल्या बाजूने झाला आणि विक्रेत्याला अपील करायचे असले, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जाताना त्याला आदेशातील निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती राहिल्यास आदेश देणाऱ्या जिल्हा आयोगाकडेच अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि या अर्जासाठी मूळ आदेशाची प्रमाणित प्रत लागते.