मुलांना विज्ञान खरंच कळलंय का, हे कसं तपासायचं?

व्याख्या विचारू नका, पहिली गोष्ट ही. "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय" याचं उत्तर आठवीतली पोरं झोपेतपण देतात, त्यातून कळत काहीच नाही.

पिसा नावाची १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, २०१५ मध्ये तिचा मुख्य विषय विज्ञान होता आणि त्यात तीन गोष्टी बघितल्या, घटनेचं कारण सांगता येतं का, प्रयोग नीट आखता-तपासता येतो का, आणि आकडे वाचून निष्कर्ष काढता येतो का. आपणपण हेच धरायचं.

प्रश्न घरातला घ्या. मी मटकीचा देतो: एका मुलीने भिजवलेली मटकी फडक्यात बांधून कपाटात ठेवली, दुसरी वाटी उघडी उन्हात ठेवली, कपाटातल्या मटकीला मोड आले, उन्हातली सुकली, म्हणून ती म्हणते उजेडात मोड येत नाहीत. बरोबर आहे का तिचं?

बरीच मुलं "हो" लिहून मोकळी होतात. ० मार्क. "नाही, कारण ओलावापण बदलला" लिहिलं तर १, आणि "दोन्ही वाट्या ओल्या फडक्यात, सारख्याच गरम जागी, फक्त एक उजेडात एक अंधारात ठेवून बघू" असं सुचवलं तर २. शुद्धलेखनाचे मार्क कापू नका प्लीज, इथे तो विषयच नाही.

वर्गात जे कधीच लिहीत नाहीत त्यांना तोंडी विचारा, हमखास तिथेच भारी उत्तरं मिळतात.