रूट ६६ वरच्या जुन्या मोटेलांचे फोटो काढायचेत? एका तिन्हीसांजेला एकच पाटी

पहिल्या ट्रिपला मी एका दिवसात अकरा मोटेलं उरकली. गाडी थांबव, दोन क्लिक मार, पुढे चल. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर सगळीकडे भर दुपारचं पांढरंफटक आकाश, त्याच्याखाली विझलेली पाटी आणि बरोब्बर मधे कुणाचातरी पिकअप ट्रक. तेव्हापासून माझा एकच नियम, एका तिन्हीसांजेला एकच पाटी आणि रात्री मुक्काम पण त्याच मोटेलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रूट ६६ हा अमेरिकेतला जुना हायवे, सुरू झाला १९२६ मध्ये, शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत आणि नंतर सँटा मोनिकापर्यंत, जवळजवळ २,४०० मैल आणि आठ राज्यं. मग शेजारून इंटरस्टेट (नवे, मोठे हायवे) गेले, गावं बाजूला पडली आणि १९८५ मध्ये हायवेचा नंबरच काढून घेतला. आपल्याला त्याचा फायदा असा की पाडून नवीन बांधावं इतका धंदाच बऱ्याच ठिकाणी उरला नाही, त्यामुळे जुनी मोटेलं, जुन्या पाट्या तशाच उभ्या आहेत.

पहिल्यांदा जाणार असाल तर न्यू मेक्सिकोतलं टुकमकॅरी गाठा. तिथलं ब्लू स्वॅलो मोटेल १९३९-४० च्या सुमाराचं आहे, निऑनची निळी पाकोळी, खाली '१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर' (तेव्हा एसी म्हणजे केवढी ऐट असेल बघा) आणि प्रत्येक खोलीला चिकटून गाडीसाठी छोटं गॅरेज. सगळे पाटीचाच फोटो काढून निघून जातात, पण खरी मजा त्या गॅरेजांच्या दारांत आहे.

आता मुद्द्याचं. पाटी पेटली की लगेच फोटो काढायचा नाही आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबायचं पण नाही. सूर्य मावळल्यावर साधारण १५ ते ३५ मिनिटं, तेवढाच वेळ आकाशाचा उजेड आणि निऑनचा उजेड बरोबरीला येतात. त्याआधी निऑन फिकं दिसतं, त्यानंतर आकाश काळं ठिक्कर होतं आणि इमारत गायब, नुसती अक्षरं हवेत लटकलेली. म्हणून मी अर्धा तास आधीच ट्रायपॉड लावून बसतो आणि जेवण नंतर. एक गंमत म्हणजे ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत (नावाहो लोकांचा भाग सोडून), न्यू मेक्सिकोत करतात, त्यामुळे न्यू मेक्सिकोतल्या गॅलपहून ॲरिझोनातल्या हॉलब्रुकला गेलात तर सूर्यास्त घड्याळात जवळपास तासभर आधी होतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

उभं कुठं राहायचं? या भागात रस्ता बराचसा पूर्व-पश्चिम आहे आणि पाट्या रस्त्याला आडव्या लावलेल्या, म्हणजे पाटीचं एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला. संध्याकाळी पाटीच्या पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, मागे आकाशात केशरी-जांभळं शिल्लक असतं. पण उन्हातली पाटी हवी असेल, रंगाचे पोपडे, गंज वगैरे, तर उलटं. सकाळी पूर्वेचं तोंड, दुपार कलल्यावर पश्चिमेचं. ऊन जरा तिरकं हवं, समोरून पडलं की सगळं सपाट होतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचं म्हणाल तर रॉ मध्येच (म्हणजे जेपेग न करता, कच्च्या फाइलमध्ये) काढा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत वेगवेगळं करून बघा. लाल निऑन फार फसवतं, स्क्रीनवर छान दिसतं पण घरी बघितलं की अक्षरांचा गर पिवळट पांढरा झालेला असतो, म्हणून हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल रंग वेगळा बघायचा आणि गरज वाटली तर उजेड एक स्टॉप (म्हणजे निम्मा) कमीच ठेवायचा, सावल्या नंतर उचलता येतात. पाटी उघडझाप करणारी असेल तर एक पूर्ण फेरी होईल एवढं शटर ठेवा. हातात धरून काढताना शटर १/६० सेकंदापेक्षा जलद नको. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, जुन्या ट्रान्सफॉर्मरवरचं निऑन त्या तालावर लुकलुकतं, मी एकदा १/५०० ला काढलं आणि अर्ध्या नळ्या मेल्यात असं वाटून हळहळत बसलो होतो, प्रत्यक्षात सगळ्या ठणठणीत होत्या. (मुंबईत एखाद्या जुन्या हॉटेलची पाटी काढाल तेव्हा १/५० धरा.) फोन असेल तर पाटीवर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा, बस.

हॉलब्रुकचं विगवॅम मोटेल वेगळं प्रकरण आहे. १९५० चं, काँक्रीटचे १५ उंच, निमुळते तंबू (प्रत्येक तंबू म्हणजे एक खोली), समोर जुन्या गाड्या उभ्या करून ठेवलेल्या. तिथं पाटीपेक्षा तंबू महत्त्वाचे, आणि ते पांढरे असल्यामुळे कॅमेरा घाबरून फोटो काळपट करतो, थोडं एक्सपोजर वाढवा. सकाळी लवकर त्यांच्या लांब त्रिकोणी सावल्या पडतात आणि पाहुणे झोपलेले असतात. मुक्काम करायचा तो यासाठीच.

बंद पडलेल्या मोटेलांत मात्र आत शिरू नका. टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर ग्लेनरिओ आहे, जवळजवळ ओसाड, फोटोला सोनं. पण रस्त्यावरून काढा. टेक्सास आणि मिसूरीत झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा दिसला तर तो 'आत येऊ नका' या पाटीइतकाच कायदेशीर असतो. शिवाय खिळे, कुजलेली फळी, उन्हाळ्यात रॅटलस्नेक (विषारी साप).

चालू मोटेलात आधी ऑफिसात जाऊन विचारा, पाटी किती वाजता लावता म्हणून. हे फार कमी लोक करतात. अमेरिकेतल्या मोटेलांचा मोठा भाग गुजराती कुटुंबांकडे आहे, त्यामुळे आपल्याला एक सोय असते. एका ठिकाणी ऑफिसच्या दाराला तोरण दिसलं, मी सरळ 'केम छो काका' म्हटलं, माझं गुजराती तिथंच संपतं, पण काकांनी चहा दिला, पाटी वीस मिनिटं आधी लावली आणि मधे आलेला ट्रक कुणाचा ते शोधून हलवायला पण लावला. नंतर बराच वेळ ते निऑन दुरुस्त करणारा माणूस कसा मिळत नाही आणि मिळाला तर काय पैसे घेतो यावर बोलत होते. एलईडी लावा असं चुकूनही सुचवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोत संध्याकाळी वळीव पडतो तसा पाऊस पडून जातो. तेव्हा पार्किंगमधलं डबकं शोधा, कॅमेरा पार पाण्याला टेकेल इतका खाली घ्या, अख्खी पाटी उलटी मिळते. पाऊस नसेल तर बाटलीभर पाणी ओतायचं, मी ओतलेलं आहे, फक्त फोकस आधी लावून ठेवा कारण त्या हवेत ते बघता बघता वाळतं.