केमोच्या उलट्यांवरची गोळी: ऑन्डॅनसेट्रॉन कशी घ्यायची आणि काय काय सांभाळायचं

आईची पहिली केमो झाली त्या दिवशी आम्ही परळहून डोंबिवलीला घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. आई एकदम ठीक होती, चहा पण घेतला, आणि म्हणाली मला काही होत नाहीये तर गोळी कशाला, आधीच पोटात एवढी औषधं गेलीत. मी पण म्हटलं राहू दे, मळमळलं तर देऊ. रात्री दीड वाजता सुरू झालं ते उजाडेपर्यंत बादली तिच्या पुढ्यातून हलली नाही. मग गोळी दिली तर ती दहा मिनिटांत बाहेर, परत दिली, परत बाहेर. दुसऱ्या दिवशी सिस्टरला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की ताई ही गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, व्हायच्या आधी द्यायची असते, कागदावर वेळ लिहिलीय ना. लिहिलेली होती, आम्हीच पाळली नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरी पहिली सायकल (म्हणजे केमोची पहिली फेरी) व्हायचीय त्यांनी नीट वाचा.

गोळीचं खरं नाव ऑन्डॅनसेट्रॉन. मेडिकलवाल्याकडे एमेसेट, ऑन्डेम, व्होमिकाइंड अशा वेगवेगळ्या नावांनी मिळते, पण पट्टीवर बारीक अक्षरात ऑन्डॅनसेट्रॉन आणि पुढे 4 किंवा 8 मिलिग्रॅम असं असतं, तेच बघायचं. एक नाव संपलं म्हणून दुसऱ्या नावाची आणली आणि दोन्ही चालू ठेवल्या असं होऊ शकतं, औषध एकच आहे हे लक्षात ठेवा. चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही हे, पण आपल्याकडे लोक सर्रास नुसतं नाव सांगून घेऊन जातात.

आता आधी का घ्यायची ते. केमोचं औषध शरीरात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचा पदार्थ सोडतात, ते तिथल्या नसेला जाऊन भिडतं आणि नस मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला कळवते की पोटात विष आलंय, बाहेर काढा. ऑन्डॅनसेट्रॉन त्या नसेवर सेरोटोनिन जिथे बसतं ती जागाच अडवून ठेवते. म्हणजे निरोप जायच्या आधी जागा अडवली तर उपयोग, एकदा उलट्यांचं चक्र सुरू झालं की मग नुसत्या गोळीने आवरणं अवघड. 1991 साली अमेरिकेत हिला मान्यता मिळाली आणि केमोच्या पेशंटचे हाल तेव्हापासून खूप कमी झाले, आजही जगभर हीच वापरतात.

साधारण पद्धत अशी की केमोच्या अर्धा तास आधी 8 मिलिग्रॅम, मग आठ तासांनी एक, आणि पुढचे एक-दोन दिवस दर बारा तासांनी. पण केमो कुठली त्यावर हे बदलतं आणि केमोच्या आधीचा डोस बऱ्याचदा सलाईनमधूनच देतात, त्यामुळे घरी पहिली गोळी किती वाजता हे डे-केअरमधून निघताना सिस्टरला विचारून कागदावर घड्याळाची वेळ लिहून घ्या. "रात्री एक" असं नाही, "रात्री 9" असं. मोबाईलला अलार्म लावा. पेशंट बरं वाटतंय म्हणाला तरी द्यायची. लिव्हरचा मोठा त्रास असेल तर दिवसभरात मिळून 8 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, तेव्हा आधीची कावीळ, लिव्हरचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलेले असू देत.

एमडी लिहिलेली गोळी म्हणजे तोंडात विरघळणारी. ती देताना हात कोरडे हवेत, पट्टीतून दाबून काढली तर भुगा होतो म्हणून मागचा कागद सोलून काढायची, जिभेवर ठेवायची, काही सेकंदात विरघळते, मग थुंकीबरोबर गिळायची, पाणी नसलं तरी चालतं. खूप जणांना वाटतं की जिभेवर विरघळते म्हणजे लगेच रक्तात जाते, तसं नाहीये, ती गिळल्यावर पोटातूनच शोषली जाते, साध्या गोळीएवढाच वेळ लागतो. फायदा इतकाच की पाण्याचा घोट पण नकोसा वाटत असेल तेव्हा ती घेता येते. आणि कृपा करून ती आधीच काढून डबीत भरून ठेवू नका. आईने आठवड्याच्या सगळ्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत नीट लावून ठेवल्या होत्या, जुलै महिना, आमच्याकडे भिंतींना पण ओल आलेली, तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर एमडीच्या जागी पांढरा लगदा. पट्टीत ठेवायची आणि घ्यायच्या क्षणी काढायची.

गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर? अर्ध्या तासाच्या आत झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली तर बहुतेक वेळा परत द्यायला सांगतात, पण वॉर्डला फोन करून विचारूनच द्या, कारण आमच्यासारखं घाबरून दोन-तीन गोळ्या लागोपाठ दिल्या जातात आणि पोटात किती राहिल्या ते कुणालाच कळत नाही.

अजून एक गोष्ट जी आम्हाला दुसऱ्या सायकलला समजली. ही गोळी पहिल्या चोवीस तासांवर जास्त चांगली चालते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात जी चिवट मळमळ राहते ती वेगळ्या रस्त्याने येते, तिच्यावर एकटी ऑन्डॅनसेट्रॉन पुरत नाही, म्हणून चिठ्ठीत डेक्सामेथासोन असतं, अ‍ॅप्रेपिटंटच्या कॅप्सूल असतात, पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस 80, आणि रात्री ओलँझापिन असू शकतं. ओलँझापिन हे मानसिक आजाराचं औषध आहे असं नेटवर वाचून आमच्या वहिनीने बंद करायला लावलं होतं, तसं करू नका, उलटीवर ते खरंच जोरदार काम करतं. त्याने झोप फार येते हे खरं, पण टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांचा 2024 सालचा अभ्यास आहे की 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 दिलं तरी उलटीवर तेवढाच फायदा होतो आणि दिवसाची गुंगी कमी राहते. खूप गुंगी येत असेल तर स्वतः बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा की डोस कमी करता येईल का.

आता साइड इफेक्ट. सगळ्यात पहिला आणि सगळ्यात जास्त छळणारा म्हणजे बद्धकोष्ठ. ज्या सेरोटोनिनमुळे उलटीचा निरोप जातो त्याच सेरोटोनिनवर आतड्याची हालचाल पण चालते, ते अडवलं की आतडं मंदावतं. त्यात खाणं कमी, पाणी कमी, झोपून राहणं. आईला दुसऱ्या सायकलनंतर चार दिवस शी झाली नव्हती आणि तिने लाजून कुणाला सांगितलंच नाही, मी रोज उलटी झाली का एवढंच विचारत होते. पाचव्या दिवशी पोट टम्म, परत मळमळ, आणि आम्ही मळमळीवर म्हणून परत तीच गोळी देणार होतो, म्हणजे ज्याने पोट बांधलं तेच अजून. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी, त्यांच्या मिस्टरांचं सगळं झालेलं होतं, थेट विचारलं की पोट साफ होतंय का. तेव्हा कळलं. तर रोज विचारा, स्पष्ट विचारा, आणि पहिल्याच दिवसापासून लॅक्टुलोजचं सिरप किंवा जे काही डॉक्टर सांगतील ते लिहून घ्या, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. कोमट पाणी, भिजवलेले मनुके, नीट शिजवलेली दुधी-पडवळाची भाजी चालते. इसबगोल पाणी भरपूर जात असेल तरच, नाहीतर ते आत घट्ट बसतं. एनिमा वगैरे घरी अजिबात करायचं नाही, केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, तिथे जखम झाली तर इन्फेक्शन होतं. आणि पोट फुगलंय, गॅस पण सरत नाहीये, दुखतंय, असं असेल तर गोळी न देता सरळ हॉस्पिटल, कारण आतडं अडकलेलं असताना ही गोळी उलटी थांबवून ते झाकून टाकू शकते.

दुसरं डोकेदुखी. खूप जणांना होते, सहसा आपोआप जाते. पण इथे एक चूक सगळे करतात, डोकं दुखतंय म्हणून क्रोसिन देऊन टाकतात. केमोच्या पेशंटला पॅरासिटामॉल द्यायच्या आधी थर्मामीटर लावायचं, कारण पॅरासिटामॉलने ताप दबतो आणि केमोत ताप हीच धोक्याची खूण असते. 100.4 फॅरनहाइट किंवा वर दिसला तर रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं.

थकवा, थोडी गुंगी, अंगात गरम गरम वाटणं हे पण होतं. सलाईनमधून दिल्यावर काही जणांना थोडा वेळ अंधुक दिसतं, ते जातं, पण सिस्टरला लगेच सांगा.

क्वचित होणारी पण गंभीर गोष्ट म्हणजे हृदयाची. ईसीजीमध्ये क्यूटी म्हणून एक अंतर मोजतात, ही गोळी ते लांबवू शकते आणि फार लांबलं तर ठोके बिघडतात. म्हणूनच शिरेतून एका वेळी 32 मिलिग्रॅम द्यायची जुनी पद्धत 2012 साली अमेरिकेत बंद केली, आता एका वेळी जास्तीत जास्त 16. ज्यांना आधीपासून हार्टचा त्रास आहे, ठोके हळू आहेत, त्यांनी सांगायलाच हवं. आणि सोबतची औषधं बघा: अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आणि उलटीवरचं डॉमपेरिडोन, ही पण क्यूटी लांबवतात. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन मिसळलेलं असतं हे आपल्याला माहितच नसतं, कॅप्सूलच्या नावाला डीएसआर लागलेलं असेल तर बहुतेक आहे. खोकला झाला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरने अ‍ॅझिथ्रो दिली तर त्यांना आधी केमोची फाइल दाखवा. उलट्या-जुलाबाने रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होतं त्यानेही हा धोका वाढतो, म्हणजे ज्याला गोळीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच जपायचं. छातीत धडधड, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी आली तर पुढची गोळी थांबवा आणि पेशंटला न्या.

मनःस्वास्थ्याच्या गोळ्या म्हणजे एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, किंवा दुखण्यावरची ट्रामाडॉल चालू असेल तर ते पण सांगा. एकत्र आल्यावर क्वचित अंग थरथरणं, घाम, ताप, बेचैनी, स्नायू कडक होणं असं होऊ शकतं. लोक लाजून डिप्रेशनची गोळी लपवतात, इथे लपवू नका.

आता घरातल्या बाकीच्यांसाठी. आमच्या घरी उरलेल्या पट्ट्या होत्या तर नातेवाईक मागायला लागले. कोकणात जाताना घाटात गाडी लागते म्हणून मागितली, तिथे हिचा काही उपयोग नाही, गाडी लागणं हा कानातल्या तोलाचा मामला आहे, त्याला अव्होमिनसारखी वेगळी गोळी असते आणि ती प्रवासाच्या आधी घ्यायची. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या ओठ-टाळूच्या दोषाचा धोका अगदी किंचित वाढतो असं दिसलंय, दहा हजारांत साधारण तीन बाळं जास्त, त्यामुळे तो निर्णय गायनॅकचाच. लहान मुलांना डोस वजनावर असतो, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून द्यायचा नाही, आणि जुलाब-उलटीत खरं औषध ओआरएसच. आणि पावसाळ्यात ताप आणि सतत उलट्या असतील तर डेंग्यू असू शकतो, त्यात न थांबणारी उलटी ही धोक्याची खूण मानतात, ती गोळीने दाबून घरी बसणं फार महागात पडतं. पन्नाशीच्या माणसाला एकदम घाम, छातीत जड आणि उलटी झाली तर गॅस म्हणून ही गोळी नका देऊ, ईसीजी काढा.

केमोच्या दिवशी पिशवीत आम्ही काय नेतो: गोळीची पट्टी, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची बाटली, साळीच्या लाह्या, आणि लिंबू नुसतं वास घ्यायला. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद सोबत ठेवा. घरी आल्यावर दोन-तीन दिवस फोडणी, सुकट, बोंबील, उदबत्ती सगळं बंद. गरम जेवणाला वास जास्त म्हणून गार पेज, गार ताकभात, वाटी वाटी करून दर दोन तासांनी. आवडीचं जेवण त्या दिवसांत नका देऊ, आईला अळूवड्या दिल्या होत्या, आता वर्ष झालं तिला अळूवडी बघवत नाही.

आणि एक वही करा. साधी दहा रुपयांची चालेल. तारीख, गोळी किती वाजता, उलटी किती वेळा, मळमळ दहापैकी किती, शी झाली का, ताप किती. तिसऱ्या सायकलची आमची नोंद अशी होती: "दिवस 3, गोळी सकाळी 9, उलटी 0, मळमळ 6, शी नाही, डोकं दुखतंय, ताप 98.2, अर्धी वाटी पेज." चौथ्या सायकलच्या आधी डॉक्टरांनी ती दोन पानं वाचली, आईला एकही प्रश्न न विचारता लॅक्टुलोज पहिल्या रात्रीपासून लिहिलं आणि रात्रीचं ओलँझापिन दोन दिवस वाढवलं. त्या वेळी तिसऱ्या दिवशी मळमळीपुढे 2 लिहिलं आणि पेजेपुढे दोन वाट्या.