थायरॉइडचा अहवाल नॉर्मल, तरीही त्रास कायम: आकडे कसे वाचावेत

थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे अशा तक्रारी चालू असताना ‘सर्व नॉर्मल’ असा अहवाल हाती पडला, की तपासणी तरी चुकली असावी किंवा त्रास तरी मनाचा असावा, असे वाटू लागते. बहुतेक वेळा या दोहोंपैकी काहीच खरे नसते. अहवालाने एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर दिलेले असते, एवढेच.

अहवालातला मुख्य आकडा टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या संप्रेरकाचा असतो. टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की टीएसएच वाढते आणि जास्त झाले की उतरते. फ्री टी-४ (रक्तात मोकळे फिरणारे थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) थोडेसे बदलले तरी टीएसएच कितीतरी पटींनी हलते, म्हणूनच पहिली तपासणी त्याची होते. शेजारी छापलेली मर्यादा, प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४, ही निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. एकाच माणसाचे टीएसएच मात्र एरवी याहून बऱ्याच अरुंद पट्ट्यात फिरते. ज्याचा आकडा वर्षानुवर्षे १ च्या आसपास होता, त्याचा आता वारंवार ३.८ येत असेल, तर तो मर्यादेत असूनही डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा. त्यासाठी जुने अहवाल शोधून तारीख, नमुन्याची वेळ, गोळीची मात्रा आणि प्रयोगशाळा एका कागदावर ओळीने मांडावी. टीएसएच रात्री व पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, त्यामुळे सकाळच्या २.८ ची दुपारच्या २ शी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

आता नमुना कसा दिला गेला ते पाहावे. माझ्या मते सर्वाधिक घोळ इथेच होतो. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे मंद थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या टी-४ च्या गोळीची, मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात, कारण रक्तातील टी-४ निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस जातात. त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. गोळी घेऊन लगेच रक्त दिल्यास फ्री टी-४ काही तास वाढलेले दिसते, म्हणून त्या दिवशी आधी नमुना द्यावा आणि मग गोळी घ्यावी. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीच्या आधीचे चार दिवस नेमाने घेतल्या, तर फ्री टी-४ चांगले दिसते, पण टीएसएच वाढलेलेच राहते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून थायरॉइडची गोळी ४ तास दूर ठेवावी. केस गळतात म्हणून घेतलेले बायोटिन हे जीवनसत्त्व तर तपासणीच फसवते: अनेक पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवते. ते निदान २ दिवस आधी बंद करावे. मात्रा मोठी असल्यास किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे.

काही प्रसंगी एकट्या टीएसएचवर विसंबता येत नाही. पिट्युटरीचाच विकार असेल तर टीएसएच नॉर्मल आणि फ्री टी-४ कमी असू शकते. सततची डोकेदुखी, दृष्टीतील बदल किंवा अकारण थांबलेली पाळी सोबत असेल, तर फ्री टी-४ मागावेच. अतिसक्रिय थायरॉइडवर उपचार सुरू केल्यावर टीएसएच काही महिने दबलेले राहू शकते. गर्भारपणातील मर्यादा वेगळ्या असतात. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडे) वाढलेले आणि टीएसएच नॉर्मल असेल, तर पुढे ग्रंथी मंदावण्याची शक्यता जास्त असते. अधूनमधून टीएसएच तपासत राहावे, प्रतिपिंडांचा आकडा उतरवण्याच्या मागे लागू नये. टी-४ पासून बनणाऱ्या निष्क्रिय रिव्हर्स टी-३ च्या तपासणीने या गोंधळात भर पडण्यापलीकडे सहसा काही साधत नाही.

हे सर्व ठीक निघाले, तर कारण दुसरीकडे शोधावे. हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचा आकडा) कमी असू शकते आणि तेवढ्याने थकवा येतो व केस गळतात. बी-१२, रक्तातील साखर, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, रजोनिवृत्ती यांचीही चौकशी व्हावी. हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉइडला इजा करते असा आजार) असलेल्यांत बी-१२ शोषले न जाण्याचा आजार आणि सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणे) इतरांपेक्षा जास्त आढळतात. वजनाबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवावी, कारण मंद थायरॉइडमुळे वाढलेले वजन सहसा थोडेच असते आणि त्यातही बराच वाटा शरीरात साठलेल्या पाण्याचा व मिठाचा असतो.

गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये. टीएसएच मर्यादेखाली दीर्घकाळ राहिले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. टीएसएच मर्यादेच्या वरच्या टोकाला असेल, तर डॉक्टर मात्रा किंचित वाढवून ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासू शकतात. थायरॉइडचे दुसरे, अधिक सक्रिय संप्रेरक असलेल्या टी-३ ची जोड दिल्याने काहींना बरे वाटते, पण चाचण्यांत तिचा फायदा सातत्याने दिसलेला नाही. हा प्रयोग संप्रेरकतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी आणि फरक न पडल्यास थांबवण्याच्या बोलीवरच व्हावा.