शाळेत बायोफीडबॅक वापरताय? आधी या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, नाशिकची थंडी आणि सातची शाळा. समुपदेशनाच्या खोलीत आठवीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिच्या बोटाला सेन्सरचा चिमटा लावला आणि स्क्रीनवरची रेघ वेड्यावाकड्या उड्या मारायला लागली. मी म्हणाले, "अगं, तू फारच टेन्शनमध्ये दिसतेस." ती गोंधळली. "नाही बाई, मी बरी आहे," म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. मग तिचा हात हातात घेतला, तर बर्फासारखा गार. सायकलवरून आली होती, हातमोजे न घालता. कोमट पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरायला दिला आणि पाच मिनिटांनी चिमटा पुन्हा लावला. रेघ छान गोलाईदार, एकसारख्या लाटांची. गारठलेल्या बोटात पुरेसं रक्तच खेळत नव्हतं. पण तोवर मी तिला ती घाबरली असल्याचं सांगून मोकळी झाले होते, आणि त्या वयातली मुलं बाईंचं म्हणणं खरं धरून चालतात.

बायोफीडबॅक म्हणजे शरीरात एरवी नकळत चाललेल्या गोष्टी, जसं हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, बोटाचं तापमान, त्या त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसणं. दिसलं की मूल हळूहळू त्यात बदल करायला शिकतं. साधन चांगलं आहे, मी ते मनापासून वापरते. बिघडतं ते आपण मोठी माणसं त्या रेघेचा अर्थ लावायची घाई करतो तिथे.

रेघ विचित्र दिसली तर आधी चिमटा तपासा

बोटाचा किंवा कानाच्या पाळीचा सेन्सर प्रकाशावर चालतो. त्वचेवर प्रकाश टाकायचा, आतलं रक्त ठोक्यागणिक कमीजास्त होतं ते टिपायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे बोट गार असणं, चिमटा घट्ट बसणं, लग्नघरची गडद मेंदी, नेलपॉलिश, खिडकीतून थेट सेन्सरवर पडणारं ऊन, यातलं काहीही रेघ बिघडवू शकतं. हात हलला तर बिघडतेच. न लिहिणाऱ्या हाताला चिमटा लावा आणि तो हात मांडीवर सैल ठेवायला सांगा. तरीही जमलं नाही तर कानाची पाळी वापरा. चुळबुळ करणाऱ्या मुलांसाठी मी सरळ कानापासूनच सुरुवात करते.

याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. मिनिटाला ७५ ठोके असतील तर दोन ठोक्यांमधलं अंतर सरासरी ८०० मिलिसेकंद. सेन्सरकडून एक ठोका निसटला की ते अंतर एकदम १६०० दिसतं. अशा निसटलेल्या ठोक्यांमुळे 'ठोक्यांमधला फरक', म्हणजे हे अंतर ठोक्यागणिक किती बदलतं तो आकडा, फुगतो आणि पुष्कळ ॲप त्यालाच उत्तम म्हणून हिरवा रंग देतात. म्हणजे मूल आतून हललेलं असताना स्क्रीन 'शाबास' म्हणते. म्हणून आकड्याच्या आधी मूळ रेघ बघायची सवय लावून घ्या. लाटा एकसारख्या दिसत नसतील तर त्या सत्रातला आकडा वहीत लिहूच नका.

आणि पीटीचा तास संपवून, दोन जिने चढून आलेल्या मुलाला लगेच चिमटा लावू नका. पाच मिनिटं नुसतं बसू द्या.

'मोठा श्वास घे' म्हणू नका

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. घरी, वर्गात, मैदानावर, सगळीकडे आपण हेच म्हणतो. मूल मग छाती फुगवून, खांदे वर करून भरभर मोठे श्वास घेतं. शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं. आधीच धास्तावलेल्या मुलाला वाटतं, आता मला नक्की काहीतरी होणार. शांत व्हायला बसलेलं मूल आणखी घाबरून उठतं, आणि 'मला हे जमत नाही' एवढंच घेऊन जातं.

श्वास मोठा नको, संथ हवा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की ठोक्यांच्या या चढउताराच्या लाटा मोठ्या आणि गोल होतात, आणि हे स्क्रीनवर पाहणं मुलांना फार आवडतं. मी त्यांना सांगते, पोळीवर पडलेलं पीठ उडेल इतक्या जोरात फुंकायचं नाही. देवासमोरची निरांजनाची ज्योत नुसती हलेल, विझणार नाही, इतकंच. नाकाने घ्या, ओठ किंचित उघडे ठेवून सोडा, खांदे खाली. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर सराव तिथेच थांबवा, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या आणि पुढच्या वेळी श्वास आणखी छोटा ठेवायला सांगा.

वेगाचंही तसंच. मिनिटाला सहा श्वास हा आकडा सगळीकडे सापडतो, पण तो मोठ्या माणसांचा. ज्या लयीत या लाटा सर्वांत मोठ्या येतात, ती मोठ्यांमध्ये मिनिटाला साधारण साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान सापडते, लहान मुलांमध्ये त्याहून जलद, साडेसहा ते साडेनऊच्या आसपास. पाचवीतल्या मुलाला दहा सेकंदांच्या श्वासात डांबलं की ते मधेच धापा टाकतं, आणि आपण म्हणतो, लक्ष देत नाही. त्याच्यासाठी तीन सेकंद आत, चार सेकंद बाहेर इथून सुरुवात करा. दोन-तीन वेग करून बघा. ज्यावर लाटा सर्वांत गोल येतात आणि ज्याचा त्रास होत नाही, तो त्याचा वेग.

रेघ वर गेली म्हणजे भीती, असं नाही

तळहाताच्या घामावर चालणारं यंत्र शरीर किती चेतलंय एवढंच सांगतं. कशाने चेतलंय हे त्याला कळत नाही. एका मुलाची रेघ अचानक उसळली म्हणून मी विचारलं, काय आठवलं? तो लाजत म्हणाला, "बाई, डब्यात आज पुरणपोळी आहे." आनंद, भीती, राग, दार आपटल्याचा आवाज, सगळ्यांनी रेघ वरच जाते, तीही एक ते तीन सेकंद उशिरा. तेव्हा "तू आत्ता चिडलास" असं सांगू नका. "इथे काहीतरी हललं, काय होतं ते?" असं विचारा. उत्तर मुलाकडे असतं. त्याला ते शब्दांत सांगता यायला लागतं, माझ्या लेखी तोच खरा लाभ.

आकडा भिंतीवर लावू नका

सगळ्या वर्गाचे आकडे प्रोजेक्टरवर दाखवणं, 'आजचा सर्वांत शांत विद्यार्थी' निवडणं, पालकसभेत तक्ता देणं, या गोष्टी हौसेने होतात आणि सगळं मुळातून बिघडवतात. ठोक्यांमधला फरक वय, झोप, व्यायाम, जन्मजात ठेवण यांनुसार बदलतो. दोन मुलांची तुलना करण्यात काही अर्थच नाही. मुलाची तुलना करायची तर त्याच्या मागच्या आठवड्याशी.

२०१९ मध्ये चीनमधल्या जिनहुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला मेंदूलहरी मोजणारे पट्टे बांधल्याची चित्रफीत जगभर फिरली. कपाळावरचा दिवा लक्ष आहे की नाही ते रंगाने दाखवायचा, आकडे शिक्षकांकडे आणि पालकांकडे जायचे. लोकांनी इतका संताप व्यक्त केला की तो वापर थांबवावा लागला. मुलाच्या हातातलं साधन त्याच्यावर पाळत ठेवायला लागलं की ते मूल आकडा सांभाळायला शिकतं, स्वतःला नाही.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, आणि मुलांची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. ॲपमध्ये मुलाचं पूर्ण नाव न घालणं, खातं शक्यतो उघडायचंच नाही आणि मुलाने 'आज नको' म्हटलं तर ते ऐकणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

पेपरच्या सकाळी पहिल्यांदा नको

फेब्रुवारी उजाडला की पालक येतात: "मॅडम, दहावी आहे, ते मशीन लावून बघा ना." परीक्षेच्या तोंडावर ही नवी गोष्ट म्हणजे आणखी एक परीक्षाच. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा, रोज पाच ते दहा मिनिटं, तेही मूल बऱ्या मनःस्थितीत असताना. सवय शांतपणी लागते, तीच घाईच्या वेळी कामाला येते.

सगळी धडधड मनातून येत नाही, हेही लक्षात असू द्या. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल, यांनीही ठोके वाढतात. निवांत बसूनही नाडी सतत जलद राहत असेल, छातीत दुखत असेल, मूल चक्कर येऊन पडत असेल तर आधी डॉक्टर. काही मुलांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिलं की जुनी भीती उसळून येते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्या, नको म्हणाली तर सोडून द्या. आणि मूल जगण्याबद्दल निराश बोललं तर चिमटा बाजूला ठेवा, त्याच्यापाशी बसा, घरच्यांना त्याच दिवशी कळवा. टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

राहिली एक चूक, सावकाश घडणारी: चिमटा सुटतच नाही. तीन-चार आठवड्यांनी स्क्रीन फिरवून ठेवा आणि मुलाला अंदाज बांधू द्या, आता लाट गोल असेल का? मग बघू द्या. अंदाज बरोबर यायला लागले की यंत्राचं काम संपत आलं.

दहावीतल्या एका मुलाला मी कंपासपेटी दिली होती. छोट्या कडेवरून बोट फिरवताना श्वास घ्यायचा, लांब कडेवरून सोडायचा. पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरला माझं पर्यवेक्षण होतं. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या तेव्हा तो उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवून बसला होता, डावं बोट कंपासपेटीच्या कडेवरून चाललं होतं. तीन फेऱ्या झाल्या. मग त्याने पेनाचं टोपण काढलं आणि आसनक्रमांक लिहायला घेतला.