न्हाणीघराची गळती : पुट्टी लावण्याआधी पाण्याचा माग काढा

छताला ओल दिसली की खरवडून पुट्टी भरायची आणि वर वॉटरप्रूफ रंग मारायचा, हा घरगुती उपाय स्वस्त वाटतो, पण पुढे तोच सर्वांत महाग पडतो. पाणी स्लॅबमध्ये मुरतच राहते, आतल्या सळया गंजतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटून त्याचे पापुद्रे खाली पडू लागतात. शिवाय रंगामुळे ओलीच्या खुणा बुजतात आणि प्लंबरला माग काढणे अवघड होते.

म्हणून आधी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. आंघोळ आणि धुणे झाल्यावरच डाग वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर किंवा फरशीच्या सांध्यांवर घ्यावा. फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासावी. दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल, तर घरातले सर्व नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. तरीही काटा फिरत असेल, तर भिंतीतली दाबाची (नळांना पाणी पुरवणारी) पाइपलाइन गळत असण्याची शक्यता मोठी असते.

यानंतर वरच्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅपचे (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड कापड आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करून इंचभर पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि 24 तासांनी वरची पातळी व खालचे छत दोन्ही पाहावे. त्यासाठी वरच्या शेजाऱ्यांशी सलोख्याने बोलणे भाग आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-न्हाणीघरातील अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर येतो, तर गच्चीतून होणाऱ्या गळतीचा संस्थेवर.

दोष वरवरच्या सांध्यांतच असेल, तर जुना भराव पूर्ण खरवडून, जागा नीट वाळवून इपॉक्सी ग्राउट (फरशीच्या सांध्यांत भरायचे रेझिनचे मिश्रण) स्वतः भरता येते. व्हाइट सिमेंट मात्र टाळावे, कारण त्याला लवकर बारीक तडे जातात. ट्रॅपभोवती किंवा भिंतीतल्या पाइपमध्ये दोष असल्यास छिन्नी-हातोडा हाती घेऊ नये, कारण एक चुकीचा घाव फरशीखालचा जलरोधक थर फोडतो आणि मग सगळी फरशी उखडावी लागते. कारागिराने काम केल्यावर, फरशी झाकण्यापूर्वी नव्या जोडण्यांचे फोटो काढावेत व पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. पुट्टीचा डबा छत पूर्ण सुकल्यानंतरच उघडावा.